आई बसते ती बाजू

नीमिया : ...आणि जाताना मला "आपला दिवस शुभ जावो" म्हणू नका. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात आणि फाटकाबाहेर पडते न पडते तोच टायर बसला.

ओवेलार : दोन्या नीमिया, आपण आधी बसून घ्या. मी आपली तक्रार पुन्हा पहिल्यापासून ऐकायला तयार आहे.

नीमिया : पुन्हा पहिल्यापासून! ओवेलार, मी आयुष्यभर चौथीच्या पोरांना भागाकार शिकवला. पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा नाही. पण पोरं पुढच्या वर्षी पाचवीत तरी जायची. तुम्ही ख्रिसमसपासून त्याच इयत्तेत बसलाय.

ओवेलार : आणि हे गृहस्थ?

नीमिया : हे डॉन एलादियो. माझ्या थोरल्याचे धर्मपिता, म्हणजे माझे कोम्पाद्रे. न्येम्बीला गॅरेज आहे यांचं. माझ्या गाडीचं स्टीअरिंग उजवीकडून डावीकडे यांनीच आणलं. आज साक्षीला आणलेत.

एलादियो : नमस्कार, लिसेन्सियादो साहेब. तेरेरे घेणार? बर्फ ताजा आहे. आत पुदिना ठेचून घातलाय.

ओवेलार : नको, धन्यवाद.

एलादियो : घोट घ्यायच्या आधीच धन्यवाद? धन्यवाद पोट भरल्यावर म्हणतात हो. म्हटलं की आम्ही ओतायचं थांबवतो.

नीमिया : सवय आहे त्यांची. फोन उचलला की धन्यवाद, ठेवला की धन्यवाद. मधे काही नाही.

एलादियो : तुम्हाला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय.

ओवेलार : मला? शक्य नाही. माझा चेहरा अगदी सर्वसाधारण आहे.

एलादियो : न्येम्बीकडं येणं होतं का?

ओवेलार : कधीच नाही. तर, दोन्या नीमिया, आपली गाडी. ही जपानमध्ये वापरून झालेली, चिलीच्या बंदरात उतरलेली आणि तिथून आपल्याकडे आलेली गाडी आहे. आमच्या या विक्रीदालनातून ती विकली गेलेली नाही. तरीही कंपनीनं मोठ्या मनानं...

नीमिया : मोठ्या मनानं! एअरबॅग कंपनीची. तिच्यामागचा स्फोटाचा डबा कंपनीचा. तो फुटला की पत्र्याचे तुकडे तोंडावर येतात, म्हणून गाड्या परत आणा, हे टीव्हीवर सांगितलं कंपनीनं. गरम आणि दमट हवेत तो डबा लवकर कुजतो, हेही कंपनीनंच सांगितलं. आता बाहेर जा आणि जानेवारीच्या भर उन्हाळ्यातली आसुन्सियोनची हवा कशी असते ते बघून या. आणि यात मोठं मन कुठं आलं? मी आले की तुम्ही एसी चालू करता ते?

ओवेलार : "पत्र्याचे तुकडे" हा शब्द आम्ही वापरत नाही. आम्ही "धातुकणांचे अनपेक्षित उत्सर्जन" म्हणतो.

नीमिया : माझ्या आईच्या गळ्यात घुसले की कण, आणि तुमच्या मालकाच्या गळ्यात घुसले की तुकडे, असं का?

एलादियो : छर्रे. गॅरेजात आम्ही छर्रे म्हणतो.

ओवेलार : धन्यवाद, डॉन एलादियो.

नीमिया : ऐका, पहिल्यापासूनच सांगते. माझी आई, न्या सेफेरिना. ऐंशी ओलांडली. दर एक दिवसाआड रक्त शुद्ध करायला न्यावी लागते. गुडघ्यात सळई आहे, पाय वाकत नाही. मागच्या सीटवर ती शिरत नाही. एकदा घातली होती. बाहेर काढायला शेजारचे दोघं बोलवावे लागले, आणि त्यातल्या एकाशी ती अजून बोलत नाही. म्हणून पुढंच बसते. सीट पार मागं ढकलून, पाय लांब करून, बरोब्बर त्या बॅगेसमोर. आत्ता ती दवाखान्यात आहे, हातात सुया आहेत. दुपारी सुटेल. तिला घरी कशी न्यायची एवढंच मला सांगा, मी जाते.

ओवेलार : टॅक्सीचा पर्याय आपण विचारात घेतलात का?

नीमिया : टॅक्सी काय पॅरिसहून येते? तीही जपानचीच, चिलीवरून आलेली, यांच्यासारख्याच कुणीतरी उलटी केलेली. या शहरात रस्त्यावर दुसरं चालतंय काय? तुमच्या त्या काचेतल्या नव्या गाड्या मी फक्त मंत्र्यांच्या मेहुण्यांखाली पाहिल्यात.

ओवेलार : तोवर काही तात्पुरती दक्षता?

नीमिया : घेतलीय ना. पवित्र आठवड्यात चिपाचे पाव भाजायचा आमचा मोठा लोखंडी पत्रा आहे. तो छातीशी उभा धरून बसते माझी आई. वरून फक्त डोळे दिसतात. सिग्नलला गाडी थांबली की लोक काचेवर टकटक करतात, "आज्जी, चिपा कसा दिला?"

एलादियो : मग काय सांगते?

नीमिया : "संपला" म्हणून सांगते. काय करणार? तोंड पत्र्यामागं आहे, भांडताही येत नाही. आणि आमच्या आईला भांडता आलं नाही तर तिचं रक्त कुठलं यंत्र शुद्ध करणार आहे?

ओवेलार : मला मनापासून खेद आहे. मी पुन्हा प्रणालीत पाहतो. हा आपल्या गाडीचा क्रमांक. होय. सदोष भाग : चालकाशेजारची एअरबॅग, डावी बाजू.

नीमिया : तेच! इथंच तुमची सुई अडकते.

ओवेलार : आमच्या तंत्रज्ञानं आपल्या गाडीची डावी बाजू तपासली. डाव्या बाजूला स्टीअरिंग आहे. स्टीअरिंगमधली बॅग या मोहिमेत येत नाही, ती निर्दोष आहे. त्यामुळे डाव्या बाजूला दोष आढळला नाही, आणि प्रकरण समाधानपूर्वक बंद झालं.

नीमिया : कुणाच्या समाधानपूर्वक?

ओवेलार : हे आमच्या विभागाचं नाव आहे. ग्राहक समाधान.

नीमिया : ओवेलार, खडू द्या. नाही? बरं, बोटांवर करू. जपानात ड्रायव्हर कुठं बसतो? उजवीकडे. शेजारचा? डावीकडे. इकडं कसं? उलट. गाडी उलटी केली. ड्रायव्हर डावीकडे आला. शेजारचा उजवीकडे गेला. मग शेजारच्याची बॅग कुठं गेली?

ओवेलार : प्रणालीनुसार ती डावीकडेच आहे.

नीमिया : स्टीअरिंगच्या आत बसलीय का ती, पाय दुमडून?

ओवेलार : मी आपली अडचण समजू शकतो. पण बाजू निवडायची तर इथे एकच पर्याय येतो. डावी. उजवी बाजू प्रणालीत नाही.

नीमिया : मग लिहा, आई बसते ती बाजू!

ओवेलार : असा पर्याय नाही.

नीमिया : कोम्पाद्रे, तुम्ही सांगा यांना. माझ्या गाडीत उजवीकडे काय आहे?

एलादियो : उजवीकडं? सीट आहे.

नीमिया : सीटसमोर?

एलादियो : डॅशबोर्ड आहे.

नीमिया : डॅशबोर्डात?

एलादियो : कप्पा आहे. त्यात तुमचा चष्मा आहे, आणि तो जपमाळेचा डबा...

नीमिया : कप्प्याच्या वर, कोम्पाद्रे! त्या झाकणामागं!

एलादियो : हां, ते. झाकण आहे तिथं. चांगलं बसवलंय मी झाकण. बर्फ वितळायला लागला बरं का, लिसेन्सियादो, एक घोट घ्या तरी.

ओवेलार : नको, धन्यवाद.

नीमिया : पुरे झालं. झाकण उघडायचं. तुमचा माणूस बोलवा, माझ्यासमोर उघडू द्या, आत बॅग दिसली की तिच्यावरचा क्रमांक वाचा आणि तुमच्या त्या प्रणालीच्या तोंडावर मारा.

ओवेलार : ते शक्य नाही. आम्ही न विकलेली गाडी, आम्ही न केलेला बदल. आमच्या माणसानं हात लावला तर जबाबदारी आमची होईल.

नीमिया : मग माझा माणूस उघडेल. स्क्रूड्रायव्हर मी घरून आणलाय.

एलादियो : आत्ता? या उन्हात?

ओवेलार : आवारात बाहेरच्या माणसानं दुरुस्ती करायला मनाई आहे. विम्याचा प्रश्न येतो.

नीमिया : ठीक. फाटकाबाहेर, आंब्याखाली. आवार संपलं, विमा संपला. आणि तुम्ही यायचं बघायला. नाही आलात तर काय करीन सांगू? उद्या आईला इथं घेऊन येते. ती काचेतली पांढरी गाडी आहे ना, तिच्या पुढच्या सीटवर बसवते. आई एकदा बसली की उठत नाही, आणि तुम्ही ऐकलंत, मागून काढायला दोघं लागतात. पत्राही आणेल ती. गिऱ्हाइकांना चिपा विका मग.

ओवेलार : मी टॅब घेऊन येतो. पण मी केवळ निरीक्षक म्हणून येतोय, याची नोंद असावी.

(तिघंही फाटकाबाहेर, आंब्याच्या सावलीत उभ्या गाडीपाशी.)

नीमिया : ही काआकुपेच्या कुमारी मातेची तसबीर आधी सांभाळून काढा. झाकणावर मीच चिकटवलीय. फादरनी बॉनेट उघडून पवित्र पाणी शिंपडलंय आतून.

ओवेलार : पाण्यानं वायरिंगला गंज...

नीमिया : तुम्ही निरीक्षक आहात ना? निरीक्षण करा.

एलादियो : किल्ली फिरवून बघू का आधी? हां... लागली बाई बोलायला. तुमच्या गाडीतली ही जपानी बाई अजून बोलते होय?

नीमिया : रोज सकाळी. इतकं अदबीनं बोलते की आई तिला "आमेन" म्हणते. आम्हाला वाटतं आशीर्वाद देत असावी.

ओवेलार : टोलचं कार्ड घातलेलं नाही, असं म्हणते ती.

नीमिया : तुम्हाला जपानी येतं?

ओवेलार : नाही. म्हणजे... प्रशिक्षणात सांगितलं होतं.

नीमिया : बघा, आशीर्वादसुद्धा गेला. यांच्याशी बोललं की काहीतरी जातंच. कोम्पाद्रे, उघडा.

एलादियो : उघडतो. झाकण उघडायचं म्हणजे आधी कडेची पट्टी काढावी लागेल. पट्टी तुटली तर मिळत नाही, कोमाद्रे. त्यापेक्षा रविवारी गॅरेजात निवांत...

नीमिया : आणि बॅटरीची तार आधी काढा. तुम्हीच सांगितलं होतंत ना, अशा कामात पहिली बॅटरी काढायची.

एलादियो : त्याची तशी गरज नाही.

नीमिया : गरज नाही? फुटणारी वस्तू आहे आत! माझ्या देखत तुमचं तोंड उडालं तर बायकोला तुमच्या काय सांगू?

एलादियो : काढतो, काढतो. ही काढली बघा. आता पट्टी. हा एक स्क्रू. हा दुसरा जरा चिवट आहे. मी म्हणतो, झाकण कसं पक्कं बसलंय ते बघा, लिसेन्सियादो. कंपनीलाही जमणार नाही असं.

ओवेलार : काम नीट दिसतंय.

नीमिया : कौतुक नंतर. ओढा.

एलादियो : ओढलं.

नीमिया : ...हे काय आहे?

एलादियो : उशी.

नीमिया : उशी आहे ते मला दिसतंय.

ओवेलार : हा भाग मूळ बनावटीचा वाटत नाही.

नीमिया : इकडं द्या. द्या म्हटलं ना! ही जाळी... हे न्यान्दुतीचं विणकाम. हे पेरूच्या फुलाच्या नक्षीचं चक्र, ही अशी कड, आमच्या इटाउग्वात एकच बाई अशी घालते. ही माझ्या आईनं विणलीय. तुझ्या लग्नात दिली होती तिनं ही उशी. एलादियो!

एलादियो : कोमाद्रे, तुम्ही मला "तू" म्हणालात.

नीमिया : म्हणाले. पुढचे शब्द ऐकायचेत?

एलादियो : नको.

नीमिया : बॅग कुठंय?

एलादियो : त्याचं काय झालं, तुम्हीच म्हणाला होतात, "कोम्पाद्रे, बाकी काही कसंही चालेल, गाडी थंड झाली पाहिजे, आईला उन्हाचं सोसत नाही." आता स्टीअरिंग डावीकडं आणलं की एसीचा डबा उजवीकडं जातो. जागा तेवढीच. एक तर थंड हवा ठेवायची, नाहीतर बॅग. मी विचार केला, धडक एखाद्या वेळी बसेल, ऊन तर रोज आहे.

नीमिया : आणि उशी?

एलादियो : झाकण रिकामं खडखडत होतं. घरात दुसरं मऊ काही सापडेना. बायको माहेरी होती.

नीमिया : म्हणजे गाडी घेतली त्या दिवसापासून आत बॅग नाही.

एलादियो : नाही.

नीमिया : ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर मी रडले तुझ्यासमोर. तू माझ्या पाठीवर हात फिरवलास! "कोमाद्रे, सोडू नका यांना" म्हणालास!

एलादियो : तेव्हाच सांगणार होतो. पण तुम्ही इतक्या तापला होतात की मधे शिरायला जागाच नव्हती. मग वाटलं, कंपनी नवी फुकट देतेय तर देऊ दे. आली तर कशीतरी बसवू. आपलं काय जातंय?

नीमिया : आपलं काय जातंय! माझी आई उन्हाळाभर लोखंडाचा पत्रा कवटाळून बसली. कशापासून वाचायला? स्वतःच विणलेल्या उशीपासून! तिच्या हाताला घट्टे पडले, एलादियो. सुया टोचून आधीच काळेनिळे झालेले हात. आणि मी, मी बैलगाडीच्या वेगानं गाडी हाकली, मागचे सगळे शिव्या घालायचे. माझ्या मेलेल्या बापाचा उद्धार झाला रोज त्या रस्त्यावर. तुझी आई या सीटवर बसली असती तर काढली असतीस बॅग?

एलादियो : आई मोटरसायकलवरच बसते.

नीमिया : तोंड बंद कर.

ओवेलार : मी मधे बोलू का? यातून एक सकारात्मक बाब पुढे येते. सदोष भाग गाडीत अस्तित्वातच नाही. म्हणजे धोकाही नाही. आमच्या तपासणीचा निष्कर्ष योग्यच होता, असं नमूद करून प्रकरण पुन्हा एकदा समाधानपूर्वक...

नीमिया : तुम्ही तर बोलूच नका! तुम्ही झाकण उघडलं नाहीत. एकदाही नाही. तुम्हाला आत बॅग आहे की उशी की मांजराची पिल्लं, काही माहीत नव्हतं. तुम्ही फक्त डावीकडे बघत होतात, कारण डावीकडे बघितलं की काम संपत होतं. यानं मला फसवलं ते वेडेपणानं, आणि वर पाठीवर हात तरी फिरवला. तुम्ही शुभ दिवस दिलात! आणि धोका नाही कसा? उद्या बसनं ठोकलं तर आईच्या तोंडासमोर काय येणार? फुलाची नक्षी?

ओवेलार : मी माझ्या अधिकारात...

नीमिया : आणि तू, ती काढलेली बॅग कुठं ठेवलीस?

एलादियो : कोंबड्यांच्या खुराड्यावर. पत्रा उडतो वाऱ्यानं, म्हणून वजन ठेवलंय.

नीमिया : देवा! घरी पोचल्यावर आधी त्या खुराड्यापासून बायकोला लांब कर. आणि इतरांच्या? किती लोकांच्या आया उशीसमोर बसल्यात?

एलादियो : सगळ्यांच्या नाही हो. चिवट गिऱ्हाईक असलं तर बॅग उजवीकडं बसवूनही देतो मी. त्याला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, एसीचा डबा कापून लहान करावा लागतो, दिवस जातो त्यात. एकच आठवतोय तसला. हीच गाडी, फक्त राखाडी. टोपी, काळा चष्मा, गॅरेजात सावलीतसुद्धा काढेना. दिवसभर माझ्या डोक्यावर उभा. "जपानहून आली तशी हवी, एकही वस्तू बाहेर राहता कामा नये." प्रत्येक स्क्रू मोजून घेतला त्यानं. शहाणा माणूस. फक्त जरा माणूसघाणा.

नीमिया : का?

एलादियो : अहो, दिवसभर उन्हात उभा, आणि मी तेरेरे पुढं केला की दरवेळी...

नीमिया : की काय?

एलादियो : "नको, धन्यवाद."

नीमिया : धन्यवाद?

एलादियो : ...लिसेन्सियादो, तुमची टोपी कुठंय आज?

नीमिया : ओवेलार?

ओवेलार : उजवीकडे बसवलीत ती?

एलादियो : उजवीकडंच. पक्की. तुमच्या डोळ्यादेखत बोल्ट आवळले ना मी.

ओवेलार : जपानहून आलेलीच? तीच जुनी?

एलादियो : दुसरी कुठून आणू? तुम्हीच म्हणालात, एकही वस्तू बदलायची नाही.

नीमिया : तुम्ही या कंपनीत, गळ्यात तिचा पट्टा, आणि गाडी चिलीवाली?

ओवेलार : दोन्या नीमिया, माझ्या पगारात इथल्या गाडीचा आरसा येतो. एका बाजूचा. गाडी मी दोन चौक पलीकडे लावतो, औषधाच्या दुकानामागे. आवारात तसली गाडी दिसलेली साहेबांना चालत नाही.

नीमिया : आणि स्वतःच्या गाडीचा क्रमांक टाकून पाहिला नाहीत कधी?

ओवेलार : पाहिला. मोहीम जाहीर झाली त्याच दिवशी, सगळे जेवायला गेल्यावर. डावी बाजू असं आलं. मी दुकानामागे जाऊन पाहिलं. डावीकडे स्टीअरिंग होतं.

नीमिया : मग?

ओवेलार : दोष आढळला नाही. तशी नोंद केली. मीच.

नीमिया : आणि समाधान झालं?

ओवेलार : झालं होतं.

नीमिया : आत्ता कुठं आहे गाडी? औषधाच्या दुकानामागे?

ओवेलार : नाही. आज झुनिल्दा घेऊन गेलीय. बायको. लेकीला घेऊन काआकुपेला निघालीय, गाडीला आशीर्वाद घ्यायला. लेकीला मागे बसलं की मळमळतं.

नीमिया : फोन लावा.

ओवेलार : ती म्हणेल, मीच सांगितलं होतं की...

नीमिया : ओवेलार! फोन!

ओवेलार : ...झुनिल्दा? कुठे आहेस? ...हो, मी ऑफिसातच आहे, आंब्याखाली. ते सोड. पुढे कोण बसलंय? ...बाजूला घे. ...नाही, आत्ता. पेट्रोलपंप वगैरे काही नको, तिथंच कडेला घे. ...घेतलीस? तिला मागे बसव. ...होऊ दे मळमळ. पिशवी दे हातात. ...हो, मीच म्हणालो होतो तपासलीय. मी तपासली होती. ...नाही गं, काही झालेलं नाही. रडू दे तिला, रडली तर चालेल. आणि हळू ये घरी. आशीर्वाद राहू दे आज.

एलादियो : बसा, लिसेन्सियादो. या मुळावर बसा, सावली आहे. घ्या.

नीमिया : दे त्याला. नीट धर म्हणावं, सांडेल.

एलादियो : अजून ओतू?

ओवेलार : ओता.

नीमिया : ...पोट भरलं का?

ओवेलार : नाही.

नीमिया : मग पीत पीत तो टॅब उघडा. मी अजून रागावलेलीच आहे, गैरसमज नको. कोम्पाद्रे, तुमच्यावर तर मी पुढच्या ईस्टरपर्यंत रागावणार आहे, आणि आईला मी काही सांगणार नाही. तुम्ही स्वतः सांगायचं. उशी हातात घेऊन, तिच्यासमोर उभं राहून.

एलादियो : पत्रा असेल का तिच्या हातात?

नीमिया : देईन मी तिला. बोला, ओवेलार. नवीन तक्रार. नाव?

ओवेलार : आपलंच आधी घेऊ, दोन्या नीमिया.

नीमिया : माझी आई उशीसमोर बसते. तिला आज घरापर्यंत काही होणार नाही, चालवणारी मी आहे. आधी तुमचं. नाव?

ओवेलार : सिप्रियानो ओवेलार.

नीमिया : गाडी आमच्या दालनातून घेतली होती का?

ओवेलार : नाही.

नीमिया : हे वरचे वाचतील.

ओवेलार : वाचतील. सोमवारच्या बैठकीत मोठ्यानं वाचतात.

नीमिया : मग?

ओवेलार : वाचू देत. दोन्ही गाड्या एकाच तक्रारीत घालतो. एकीत सदोष बॅग आहे, एकीत बॅग काढून टाकलेली आहे. दोन्ही कंपनीनंच बनवलेल्या गाड्या, दोन्हींना नवी बसवून द्यावी. एकीचं प्रकरण बंद केलं तर दुसरीचं उघडं राहील असं लिहितो. ते कसं लिहायचं हे मला माहीत आहे. इतके दिवस उलटं लिहीत होतो.

एलादियो : बसवायला मी येईन. फुकट. झाकणं मला माहीत आहेत.

नीमिया : तू झाकणाच्या जवळ आलास तर बोटं मोडीन. ओवेलार, बाजू कोणती टाकली?

ओवेलार : यादीत अजून एकच आहे. डावी.

नीमिया : झालं! म्हणजे पुन्हा चौथीत.

ओवेलार : नाही. खाली एक रिकामी जागा असते. शेरा लिहायला. काहीही लिहिता येतं तिथं.

नीमिया : ही आधीपासून होती?

ओवेलार : आधीपासून. मी कुणाला दाखवली नव्हती.

नीमिया : ...लिहा. माझ्या गाडीपुढं काय लिहिताय?

ओवेलार : आई बसते ती बाजू.

नीमिया : आणि तुमच्या?

ओवेलार : लेक बसते ती.